थांबलेला पाळणा

वायफाय जोडायला आलेला संघर्ष स्टुलावरून उतरता उतरता म्हणाला होता, "वहिनी, राऊटर ह्या मायक्रोवेव्ह ओव्हनशेजारी नका ठेवू. ओव्हन फिराया लागला की नेट आडतंय. तवा कॅमेऱ्यात काय दिसंल त्याच्यावर भरवसा न्हाई." अपेक्षानं मान डोलावली आणि राऊटर तिथंच राहू दिला. दोन मिनिटं नेट अडलं तर काय आभाळ कोसळणार होतं?

कॅमेरा पाळण्यावर होता. अपेक्षा दिवसभर सणसवाडीच्या कंपनीत, तर दहा महिन्यांची प्रांजल शिरूरच्या फ्लॅटमध्ये सासूजवळ, सारजाबाईंजवळ. अपेक्षाचा सगळा जीव मोबाइलमध्ये. रोज अकरा वाजून दहा मिनिटांनी चित्र थिजायचं, म्हणजे आईंनी पेज गरम करायला ठेवली. चित्र हललं की आई वाटी घेऊन पाळण्यापाशी. पुढं पुढं तिला त्या थिजण्याचाच आधार वाटायला लागला.

आषाढात सारजाबाई झोपेतच गेल्या. प्रांजलला सांभाळायला नणंद करुणा राहिली. आईंच्या वस्तू तेराव्यानंतर अपेक्षाच्या नवऱ्यानं, ईश्वरनं, वाटून टाकल्या. त्यात ओव्हनही गेला. कुठली वस्तू कुणाला, हे अपेक्षानं विचारलं नाही. तिच्यानं ते ऐकवलं नसतं.

ती कामावर रुजू झाली त्याच दिवशी अकरा दहाला चित्र थिजलं. पाळणा एका अंगाला झुकलेला, तसाच. दोरी ताणलेली आणि दोरीला हात कुणाचाच नाही. दोन मिनिटांनी पाळणा सरळ झाला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही.

करुणाला विचारलं, तर ती पेज गॅसवरच गरम करायची. वर हसून म्हणाली, "आई येत असंल नातीला बघाया. तुझ्यावर कवा भरवसा होता तिचा?"

टोमणाच होता, पण अपेक्षाच्या अंगावर सरसरून काटा आला. बीएस्सी झालेली बाई ती. तरी सकाळी निघताना ओव्हनच्या रिकाम्या जागी वाटीभर पेज ठेवायला लागली. संध्याकाळी वाटीवर साय धरलेली असायची, मग ती ओतून टाकायची.

शेवटी एक दिवस रजा टाकून ती घरी थांबली. अकरा दहाला हातातल्या मोबाइलवरचं चित्र अडलं आणि राऊटरमागच्या भिंतीतून घरघर यायला लागली. तिनं कान लावला. आवाज ओळखीचा होता, शेवटची घंटीसुद्धा.

भिंतीपलीकडं अनसाबाई राहायच्या, एकट्याच, मुलगा दौंडला. अपेक्षा जाऊन बघते तर त्यांच्या ओट्यावर, भिंतीला टेकून, आईंचा ओव्हन होता. आईंना अक्षर वाचता येत नसे, म्हणून दोन मिनिटांच्या बटणावर त्यांनी लावून घेतलेला नेलपेंटचा लाल ठिपकाही तसाच.

अनसाबाई ओशाळल्या. "ईश्वरनं दिला गं, आईची आठवण म्हणून. सारजा रोज ह्या टायमाला भिंतीवर थाप मारून इचारायची, अनसा, जेवलीस का? आता कोण इचारतंय? म्हणून तिच्याच टायमाला दूध ठिवते. ह्ये फिरतंय तवर ती पल्याड हाय असं वाटतं."

अपेक्षानं ना ओव्हन मागितला, ना राऊटर हलवला. पेजेची वाटी मात्र बंद केली. अकरा दहाला चित्र थिजलं की मनात म्हणायची, जेवल्या अनसाबाई.

आज करुणा प्रांजलला घेऊन कवठे येमाईला देवीला गेली आहे. घराला कुलूप. तरी सवयीनं अपेक्षानं मोबाइल उघडला. खिडकीच्या वाऱ्यानं रिकामा पाळणा हलत होता. अकरा दहा झाले, पाळणा हलतोच आहे. अकरा वीस. पावणेबारा. चित्र लख्ख, एकदाही अडलं नाही. लाइट गेली म्हणावं, तर कॅमेरा चालू. अनसाबाईंचा फोन वाजून वाजून बंद होतो. दौंडचा मुलगा फोनवरच गडबडला. निघाला तरी दीड तास.

अपेक्षा कंपनीच्या गेटबाहेर येऊन एसटीला हात करते आहे. दुसऱ्या हातानं बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहिते आहे:

"हे वाचणारे जे कुणी जवळ असाल, ते तिसऱ्या मजल्यावर जा. डावीकडचं दार. बेल बिघडली आहे, दारावर जोरात थाप मारा. आणि विचारा, अनसाबाई, जेवलात का?"