आधी कोण बसणार

यांतिनाचा बेत साधा होता. आधी पोचायचं आणि आधी बसायचं.

त्यांच्याकडे वाढदिवसाला खुर्च्या गोलात मांडलेल्या असतात. नंतर येणाऱ्याने एकेकापाशी जायचं, हात मिळवायचा, आणि ज्याचा वाढदिवस नाही त्याचंही अभिनंदन करायचं. तुमच्या बहिणीबद्दल अभिनंदन. तुझ्या आईबद्दल अभिनंदन. कोणाला वगळलं तर तिथं कोणी काही बोलत नाही. पुढच्या वाढदिवसापर्यंत मात्र दुसरं काही बोलत नाहीत.

म्हणजे बसलेल्याने नुसता हात पुढे करायचा. तोंड उघडायचं ते उभ्या माणसाने.

बाबा गेल्यापासून ती भावाशी, हार्मशी, एक शब्द बोलली नव्हती. आई आपल्या वाढदिवसाला दोघांना वेगवेगळं बोलवायची. यांतिना सकाळी कॉफीला, हार्म संध्याकाळी बिअरला. यंदा फोनवर म्हणाली, "दुपारी दोन वाजता. दोघंही. दोनदा कपबशा विसळणं आता मला झेपत नाही."

"आई, तो हार्म..."

"तो कसा आहे ते मला नको सांगूस. मीच जन्माला घातलाय."

म्हणून यांतिना घरातून लवकर निघाली, आईच्या गावापर्यंत, विन्सुमपर्यंत, समोरच्या वाऱ्यात सायकल रेटली, घराला वळसा घालून मागच्या दाराशी आली. घरचं माणूस पुढच्या दाराने कधी जात नाही. मागच्या दाराशी हार्म उभा होता, हातात हायसिंथच्या फुलांची कुंडी घेऊन.

हे बेतात नव्हतं.

दाराला आतून कडी होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत आई आली, तिने दोघांकडे पाहिलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

"अजून दोन वाजले नाहीत," काचेपलीकडून तिचा आवाज आला. "माझा ब्लाउज बदलायचाय."

"आई, वारा सुटलाय," हार्म म्हणाला.

"मग एवढ्या लवकर कशाला तडफडलात?"

आई आत गेली.

*

शेजारच्या वीरिंगा बाईंच्या खिडकीला पडदे आहेत, पण ते ओढलेले कोणी पाहिले नाहीत. तिथून काय दिसत असेल, ते यांतिनाला चांगलं ठाऊक होतं:

म्हातारीची दोन्ही मुलं. मधे कचऱ्याचा हिरवा डबा. मुलगा बंद दाराकडे बघतोय. मुलगी सायकलला कुलूप लावतेय. आता तेच कुलूप पुन्हा लावतेय.

वीरिंगा बाईंनी हात हलवला. दोघांनीही हसून हलवला.

*

"तूही आधी बसायलाच आलीस," हार्म म्हणाला.

"हो."

"म्हणजे मी तुझ्यापाशी यावं."

"हो. आणि तू?"

"तेच."

तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जाड झालास."

"झालो. तू केस रंगवायचं सोडलंस ते बरं केलंस. तो रंग खोटा वाटायचा."

बाबांच्या खाटेशी उभा राहून तो असाच, याच आवाजात बोलला होता: तुला ते जड झाले, म्हणून तू त्यांना वृद्धाश्रमात आणून टाकलंस. मनात आहे ते तोंडावर बोलावं, हे दोघं एकाच घरात शिकले होते. बोलला याचा तिला राग नव्हताच.

"बाबांनी ऐकलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तू बोललास ते. डोळे मिटलेले होते, पण झोपले नव्हते. तू गेल्यावर मला विचारलं, हार्म म्हणतो ते खरं का."

हार्मने कुंडी या हातातून त्या हातात घेतली. "तू काय सांगितलंस?"

"थोडं खरं आहे म्हटलं. तुमच्यासाठी रात्री सारखं उठणं माझ्याच्याने होत नव्हतं. ते म्हणाले, बरं."

"एवढंच?"

"एवढंच. मग पाणी मागितलं."

हार्म डब्याच्या झाकणाकडे बघत राहिला. "मला वाटलं ते झोपलेत."

"माहीत आहे."

"मला तेव्हा तसंच वाटत होतं. ते मी मागे घेणार नाही."

"नको घेऊस."

"पण तिथं बोललो ते चुकलं. तुला बाहेर बोलावून बोलायला हवं होतं."

"बाहेर बोलला असतास तर मी तिथंच तुझ्याशी कडाकडा भांडले असते. आणि तिथंच संपलं असतं."

कडी निघाली. निळ्या ब्लाउजमध्ये आई दारात उभी. "या आता."

दोघांनी तिच्या गालांचे तीन-तीन पापे घेतले आणि बैठकीच्या खोलीत आले. गोल मांडलेला होता. सगळ्या खुर्च्या रिकाम्या.

"बसा की," आई म्हणाली आणि कॉफी आणायला गेली.

कोणी बसलं नाही. बसलं असतं तर दुसऱ्याला त्याच्यापाशी जावं लागलं असतं. यांतिनाने उभ्यानेच हात पुढे केला.

"आईबद्दल अभिनंदन, हार्म."

"तुझंही, यांतिना. आईबद्दल." त्याचा हात गार होता आणि कुंडीच्या मातीने खरखरीत.

मग दोघं बसली. शेजारी नाही, समोरासमोर.

आईची बहीण, फ्राउके मावशी, ओला कोट काढत आली. तिने गोलाला सुरुवात केली. यांतिना, आईबद्दल अभिनंदन. हार्म, आईबद्दल अभिनंदन. त्याचा हात हातात असतानाच ती थांबली, आणि तिने एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं.

"तुम्ही दोघं बोलता आता?"

"सगळं नाही झालं बोलून," यांतिना म्हणाली. "आत्ताच सुरू केलंय."

"बरं. मग मी मधे बसत नाही," मावशी म्हणाली, आणि खिडकीजवळची खुर्ची ओढून बसली.