भेंडीसाठी घर

"विकायचीय का, काका?"

सकाळपासून हा प्रश्न चौथ्यांदा आला होता. रत्नदीपने मान हलवली. "विकायची नाय. द्यायची हाय."

विचारणारा तरुण जवळ सरकला. रत्नदीपच्या खांद्यावर पाच फुटांची हिरवी इग्वाना, घोरपडीसारखी दिसणारी परदेशी सरडीण, पसरली होती. डोकं त्याच्या कानाशी, शेपूट पाठीवरून पार कमरेखाली. "फुकट? मग मला द्या ना! माझ्याकडे नर आहे. दोन वर्षांत पिल्लंच पिल्लं."

"त्याला ठेवतोस कुठं?"

"बाथरूममध्ये. बाल्कनी लहान पडते त्याला."

"बघतो," म्हणून रत्नदीपने त्याला वाटेला लावलं आणि भिंतीकडे पाहिलं. तिथे दूरच्या खुर्चीवर त्याची बायको दर्शना बसली होती. नाकातोंडावर मास्क, मांडीवर पिशवी. तिने भुवया उंचावून विचारलं, काय झालं? त्याने हातानेच सांगितलं, नाही.

खालापूरला हायवेलगतच्या मंगल कार्यालयात सरपटणाऱ्या प्राण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. जिथे एरवी नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर काचेच्या पेट्यांत परदेशी अजगर वेटोळी घालून पडले होते. पंगतीच्या टेबलांवर प्लॅस्टिकच्या डब्यांत ठिपक्यांच्या पाली, काटेरी दाढीचे सरडे. रत्नदीपचं हे तिसरं वर्ष. खोपोलीच्या एका कारखान्यात तो वायरमन होता. तिथे तीस वर्षांत त्याचं मत कुणी विचारलं नव्हतं. राहत्या भिसेगावात पोरं त्याला 'सरडेवाला' म्हणत. इथे मात्र शिकलेसवरलेले लोक थांबून विचारायचे, काका, दिवा किती उंचीवर लावू? थर्मोस्टॅट कुठला घेऊ? इथे तो 'भेंडीवाले काका' होता.

भेंडी हे नाव दर्शनाचं. सात वर्षांपूर्वी त्याने घरी आणलेला डबा उघडला तेव्हा आत बोटाएवढं हिरवं पिल्लू होतं. "आवो, ही काय भेंडी आणलीत?" असं म्हणून ती जी स्वयंपाकघरात गेली, ती महिनाभर त्या खोलीत फिरकली नाही. रत्नदीपने जुन्या कपाटाचा पिंजरा केला, दिवे बसवले, सरकारी नोंदणीचा कागद आणून भिंतीवर लावला. मग एकदा त्याची सलग नाइट शिफ्ट लागली आणि दर्शनाला शेवग्याचा पाला कापून घालावा लागला. त्यानंतर पाला कापायचं काम तिने त्याला परत दिलंच नाही. दुपारी भेंडी खिडकीच्या गजांवर उन्हात पसरायची आणि दर्शना तिच्याशी शेजारणीशी बोलावं तसं बोलायची.

दिवाळीनंतर दर्शनाच्या छातीत गाठ निघाली. तपासण्या झाल्या. येत्या मंगळवारपासून केमो ठरली. डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, घरात कुत्रा-मांजर आहे का? दर्शनानेच सांगितलं, "इग्वाना हाय." बाईंनी पेन खाली ठेवलं. या प्राण्यांच्या पोटात जंतू असतात, म्हणाल्या. धडधाकट माणसाला त्यांचं काही वाटत नाही, पण केमोत पांढऱ्या पेशी खाली आल्या की साधा जुलाबही जिवावर बेतू शकतो. आणि उपचार काही एक-दोन महिन्यांचा नव्हता. दुसरं घर बघा तिच्यासाठी.

"माज्या दुखण्याची शिक्षा तिला कशापायी?" घरी आल्यावर दर्शना एवढंच बोलली. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "रविवारी तुमचं ते प्रदर्शन हाय ना? मी पण येते. तुमच्या एकट्याच्यानं व्हायचं नाय ते."

आणि खरंच होत नव्हतं. पनवेलच्या एका जोडप्याला भेंडी व्हिडिओसाठी हवी होती. एका गृहस्थांनी आपल्या फार्महाऊसचे फोटो दाखवले, पण तिला खायला काय देता हे एकदाही विचारलं नाही. एक कॉलेजची मुलगी मनापासून बोलत होती, पण भेंडीने शेपटी आपटताच किंचाळली. रत्नदीप प्रत्येक वेळी "बघतो" म्हणायचा, आणि माणूस पुढे गेला की त्याला बरं वाटायचं. ते बरं वाटणं त्याचं त्यालाच लाजवत होतं.

जेवणवेळ टळल्यावर एक तिशी ओलांडलेली बाई समोर उभी राहिली. पायांतल्या बुटांवर लाल माती सुकलेली. तिने भेंडीला हात लावला नाही. आधी तिच्या मागच्या पायांकडे पाहिलं, मग जबड्याकडे.

"हाडं छान भरलीत," ती म्हणाली. "कॅल्शियम रोज देता?"

"दिवसाआड. पाल्यावर भुरभुरून."

तिचं नाव प्राची. खालापूरपासून आत तिची फुलझाडांची रोपवाटिका होती. शेडनेटखाली आंब्याचं जुनं झाड, जास्वंदीच्या दोन रांगा, विषारी फवारा अजिबात नाही. रत्नदीपने खोदून खोदून विचारलं. थंडीत काय? रात्री पारा तेरावर येतो आपल्याकडं. रात्री आतल्या खोलीत, ती म्हणाली, पण तिथले दिवे सारखे उडतात, वायरमन मिळत नाही. कुत्री? कुंपण आहे. आधी कधी पाळलीय?

प्राचीने सरळ सांगितलं. "होती एक. गेल्या वर्षी मेली."

"कशानं?"

"माझ्या चुकीनं. काकडी आणि सॅलडवर ठेवली होती. नेटमधून ऊन येतं, दिवा कशाला, असं वाटलं मला. हाडं ठिसूळ झाली. कळलं तेव्हा ती फांदीवर चढूच शकत नव्हती." तिने डोळे पुसले नाहीत, नजरही वळवली नाही. "आता माहितीय काय करायचं ते. म्हणून विचारतेय."

रत्नदीपचा चेहरा कठोर झाला. "बघतो," म्हणून तो सरळ दर्शनाकडे आला.

"कोण होती?"

त्याने सगळं सांगितलं. "जिच्या हातनं एक मेली तिला कशी देऊ मी? चल घरी. बघू काय ते. बाहेर पत्र्याची शेड करू, मी एकटाच—"

"आवो." दर्शनाने मास्क खाली केला. "सकाळधरनं किती माणसं आली?"

"सात-आठ."

"त्यातलं कुणी म्हनलं, माजं चुकलं?"

रत्नदीपने भेंडीची शेपूट पाठीवर सारखी केली.

"तुमाला आज कुणीच पसंत पडायचं नाय. मला ठावं हाय ते. मला तरी कुठं पडतंय?" तिने मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. "पण तिनं लपवलं असतं तर तुमाला कळलं असतं का? तिनं सांगितलं. जिला मेलेलं अजून बोचतंय ती जपंल. बोलवा तिला."

तो उभाच राहिला, तेव्हा दर्शना स्वतः उठली आणि टेबलांच्या रांगेतून हळूहळू चालत प्राचीपाशी गेली. दोघी बराच वेळ बोलत होत्या. रत्नदीपला काही ऐकू आलं नाही. फक्त प्राची मान हलवताना दिसली आणि मग तिने खिशातून वही काढून लिहायला घेतलं. दर्शना बोटांवर मोजून सांगत होती, काय आवडतं, कशाला घाबरते, पाल्याचे देठ कसे काढायचे.

शेवटी रत्नदीपने नोंदणी बदलायच्या अर्जावर सही केली.

"काका, एक विचारू?" प्राची म्हणाली. "त्या आतल्या खोलीचं वायरिंग तुम्ही करून द्याल?"

त्याने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "करीन. हिचं औषधपाणी मार्गाला लागलं की येईन. तवर आमच्या पिंजऱ्यातला दिवा आणलाय, तो घिऊन जा. मोकळाच पडंल."

बाहेर प्राचीचा छोटा टेंपो उभा होता. मागे गोणपाट घातलेला मोठा क्रेट. रत्नदीप भेंडीला खांद्यावरून उतरवू लागला, तशी दर्शना म्हणाली, "एकदा द्या माज्याकडं."

"डॉक्टर काय बोलल्या इसरलीस?"

"केमो मंगळवारी हाय. आज रविवार."

त्याने दिली. दर्शनाने तिला छातीशी न घेता हातांवर धरलं, तान्ह्याला पाण्यात धरावं तसं. ती काहीतरी पुटपुटली. मग क्रेटचं दार उघडलं. भेंडीला त्या अंधारात जायचं नव्हतं. तिने दर्शनाच्या हाताला नखं रोवली. प्राचीने घाई केली नाही. एकेक बोट सोडवत तिला आत ठेवलं, दाराला कडी घातली.

टेंपो सुरू झाला, हायवेकडे वळला. दर्शनाच्या मनगटापासून कोपरापर्यंत तीन बारीक रेघा उमटल्या होत्या, त्यांच्या टोकांना रक्ताचे थेंब.

"चल," रत्नदीप म्हणाला. "आधी हात धुऊ."

कार्यालयाच्या मागे, भांडी घासायच्या जागेवर नळ होता. त्याने खिशातून साबणाची नवी वडी काढली, काळजीने तिचा हात नळाखाली धरला आणि बोटांच्या फटींपासून धुवायला सुरुवात केली. एकदा धुऊन झालं, परत लावला.

"जोरात चोळू नका," दर्शना म्हणाली. ती रस्त्याकडे पाहत होती.

"नाय चोळत."

नळाचं पाणी गेलं. त्याने स्वच्छ रुमालाने हात टिपून घेतला, एकेक रेघ वेगळी. टिपून झाल्यावरही त्याने तो सोडला नाही, आणि तिनेही काढून घेतला नाही.