कापूट : तिसरे उदाहरण

तिने खणातले कार्ड काढले, पाहिले आणि पुन्हा पालथे ठेवून दिले. सकाळपासूनची ही चौथी वेळ.

"'कापूट'ची नोंद झाली का?" समोरच्या टेबलावरून कोशाच्या संपादकांनी विचारले.

"व्युत्पत्ती झाली. इंग्रजीत जर्मनमधून आला, जर्मनमध्ये फ्रेंचांच्या पत्त्यांतून. डावात ज्याचा एकही हात झाला नाही, तो कापो."

"आणि आपल्याकडे बंद पडलेला मिक्सर! शब्दानं तरी किती सोसावं." ते आपल्याच विनोदावर हसले. "उदाहरणं?"

"दोनच. दोन्ही यंत्रांची."

कोशाचा नियम होता : स्वतःच्या कानांनी ऐकलेली तीन वाक्ये, बोलणाऱ्यासह आणि तारखेसह. नाहीतर शब्द बाद. पाने आज छपाईला जायची होती.

शब्द मुळात तिच्या वडिलांचा. लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेलेल्या त्या माणसाने तो कुठल्याशा परदेशी फोरमनकडून उचलला आणि घरातल्या पंख्यापासून जावयापर्यंत सगळ्यांना लावून पाहिला. त्यांना जाऊन महिना झाला होता. लोक सांत्वनाला येत, ती चहा करी, कपबशा विसळी. डोळ्यांत टिपूस नाही. आत काहीच हलत नव्हते आणि त्याचीच तिला धास्ती वाटत होती.

ती उठली आणि तिने कार्ड संपादकांपुढे ठेवले.

त्यांनी मोठ्याने वाचले, "'आज छातीच जरा कापूट वाटतेय गं. सवड झाली तर येऊन जा.' वा! शरीराला लावलेला पहिल्यांदाच बघतोय. कोण बोललं?"

"बाबा."

त्यांनी तारीख पाहिली. हसू ओसरले.

"हे तर ते गेले त्याच दिवशीचं..."

"हो. सकाळी दहा वाजून पाच मिनिटं. मी इथेच होते."

"आणि तुम्ही?"

"उदाहरण झकास होतं. हातासरशी लिहून घेतलं. म्हटलं, बाबा, संध्याकाळी येते."

संपादकांनी चष्मा काढून पुसला. मग कार्ड हळूच तिच्याकडे सरकवले.

"राहू द्या हे. शब्द गाळू आपण."

"नको. त्यांचा शब्द आहे."

कार्डावर 'प्रसंग' ही एकच ओळ कोरी राहिली होती. तिने पेनाचे टोपण काढले आणि लिहिले : फोनवर. मुलगी उतरवून घेत होती.

शाई वाळेपर्यंत ती थांबली. मग कार्ड छपाईच्या ट्रेमध्ये ठेवले. अक्षर नेहमीसारखेच सुवाच्य आले होते.