मेंढधुणीचा डोह

मी वनरक्षक आहे. म्हणजे माळ राखायचा, माळावरची पाखरं-जनावरं राखायची आणि अभयारण्यातला एकुलता एक ओढा राखायचा. सोलापूरच्या उन्हात हा ओढा मार्चनंतर कसाबसा तग धरतो. हे सगळं कोणापासून राखायचं, ते सहा वर्षांपूर्वी मला स्वच्छ ठाऊक होतं: माणसांपासून आणि मेंढरांपासून. आज कोणी विचारलं तर मी आधी विषय बदलेन.

ओढ्यावर दोन खोल्यांएवढा एक डोह आहे. वरच्या अंगाला खडकातून झरा येतो. आम्ही धनगर लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुतो, आणि आमच्या घरची मेंढरं चार पिढ्या इथंच धुतली गेली, म्हणून हा मेंढधुणीचा डोह. मी नोकरीला लागले त्याच साली माळाला तार लागली. फाटकावर मी पहिल्यांदा अडवलं ते माझ्याच वडिलांना. बिरप्पा धनगर, साठ मेंढरं, खांद्यावर घोंगडं. समोर मी, खाकीत.

"माया, तू अडिवतीस व्हय?"

"व्हय आबा. कायदा हाय."

ते मेंढरं घेऊन वळले. घरी आईनं तीन दिवस माझ्याशी अबोला धरला, पण आबा रोज विचारायचे, "पाखरं बरी हाईत का तुजी?" मला त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला होता, हे कबूल करते.

मग डोहाचं काहीतरी बिनसायला लागलं. मेंढरं नाहीत, माणसं नाहीत, म्हणजे पाणी नितळ व्हायला हवं होतं. झालं उलटंच. कडेकडेनं पाणकणसाचं गवत उगवलं. दुसऱ्या वर्षी ते कमरेएवढं झालं, चौथ्या वर्षी माझ्या डोक्यावर गेलं. झरा गाळात घुसमटला. आणि पखुर्ड्या यायच्या बंद झाल्या.

पखुर्डी हा आमच्या माळाचा पक्षी, मातीच्या रंगाचा, कबुतराएवढा. सकाळी आठच्या सुमाराला थव्यानं पाण्यावर येतो. त्याला काठ उघडा लागतो, झाडोऱ्यात कोल्हं-खोकड दडलं असेल तर पाण्याजवळ उतरतच नाही. नर पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवतो आणि तसाच उडत पिल्लांकडं जातो. माळावर कुठंतरी उन्हात बसलेली पिल्लं त्या पिसांतलं पाणी चोखून पितात. हे मी नोकरीच्या पहिल्या मार्चमध्ये डोळ्यांनी पाहिलं होतं आणि गावभर सांगत सुटले होते. शेवटच्या दोन वर्षांत एकही नर त्या डोहात बसला नाही.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, जेसीबीची मागणी करू. मी म्हणाले, जेसीबीनं झऱ्याचा खडकच हलायचा. मग आणखी एक कागद वर गेला, आणि त्या कागदाचं भिजत घोंगडं तसंच पडून राहिलं.

शेवटी मी आबांनाच विचारलं. ते बाजेवर बसून सुतळी वळत होते.

"त्यात काय इचारायचं? साठ मेंढरांचं खूर वरसातनं दोनदा त्या गाळात नाचायचं. कणसाची मुळं राहत्याल व्हय? आमी धूत हुतो मेंढरं, पर डोहबी धुतला जायचा की."

"मग हे तवाच का न्हाई सांगितलं?"

"तू कायदा हाय म्हणालीस."

मला हसावं की रडावं कळेना. सहा वर्षं मी डोहाला ज्यांच्यापासून वाचवत होते, तेच त्याला जगवत होते म्हणायचं? की हे आबांचं मेंढरांवरचं प्रेम बोलत होतं? दोन रात्री झोप लागली नाही. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "एकदाच. तुमच्या जबाबदारीवर." जबाबदारी घ्यायची मला पहिल्यापासून हौस. घेतली.

चार दिवस आबांनी आणि मी विळ्यानं पाणकणीस कापलं. मुळं राहिली, ती खुरांसाठी. मेंढरं आणायच्या आदल्या दिवशी मी आबांना बजावलं, "हितं हरणं पाणी पित्यात. तुमच्या मेंढरांची गोचिडं त्यास्नी लागाय नगं. एक गोचिड दिसली तर फाटकातनं परत."

"बरं," आबा म्हणाले. ते नेहमी बरंच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सहा वर्षांनी, मी फाटक उघडलं. मेंढरांना वाट आठवत होती की पुढच्या म्हाताऱ्या मेंढीच्या मागं बाकीची चालली होती, कोण जाणे. आबा कमरेएवढ्या पाण्यात उतरले, एकेक मेंढरू पोटाखाली हात घालून पाण्यातून फिरवायला लागले. मी कडेनं हाकत होते. दुपारपर्यंत गाळ निघाला, मुळं तुटून वर आली आणि खडकातला झरा बुडबुडायला लागला. मी खाकीसकट पाण्यात बसले आणि लहान पोरीसारखी हसले. आबाही हसले. सहा वर्षांचं काहीतरी दोघांच्या मनातनं उतरलं, असं मला वाटलं.

मेंढरं बाहेर काढून तासभर झाला असेल. आम्ही बाभळीखाली भाकरी खात होतो. मी हात धुवायला गेले, तर काठावर झिंगे उड्या मारत होते. पाण्यातून बाहेर. असं कधी पाहिलं नव्हतं. मग एक बोटाएवढा मासा कुशीवर आला. मग चार. मग मोजता येईनात. पाणी गढूळ झालंय, श्वास कोंडला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण या डोहात चार पिढ्या गढूळ पाणी झालं होतं, तेव्हा हे मासे जगलेच होते की.

मी एका ओल्या मेंढरावर नाक टेकवलं. लोकरीच्या वासाखाली दुसरा वास होता.

"आबा, ह्यास्नी काय लावलंय?"

"औषीद. गोचिडाचं. तूच न्हाई का दिवाळीला आणून दिल्यालं?"

"कवा लावलं?"

"काल सांजच्याला. तू म्हणालीस, एक गोचिड नगं. म्हणून दोनदा मारलं. समद्यास्नी." त्यांच्या आवाजात केलेल्या कामाचं समाधान होतं. मग त्यांनी माझ्या मागं डोहाकडं पाहिलं, आणि ते समाधान हळूहळू उतरलं.

ती बाटली मी सोलापुरातनं आणली होती. वरची सूचना आबांना वाचता येत नाही, मला येते. मी ती नंतर घरी जाऊन वाचली: तळ्यात, ओढ्यात जाऊ देऊ नये, माशांना घातक. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात. इथं तर मारुतीसुद्धा झाला नाही.

"चुकलं का माजं?" आबांनी विचारलं.

त्यांनी माझा शब्द पाळला होता, दुप्पट पाळला होता. हरणांना जपलं होतं. सहा वर्षांपूर्वी मेंढरं आत सोडली असती, तर तेव्हा हे औषध घरात नव्हतं. फाटक उघडलं नसतं तरी मासे जगले असते. पण मग डोह बुजला असता, आणि तेव्हा मासे कुठले? मी डोक्यात कुठूनही निघाले तरी याच डोहापाशी येत होते.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, पाण्याचा नमुना तपासायला जाईल, कळायला वेळ लागेल, तोवर पाणी खाली जाऊ देऊ नका. खालच्या टप्प्यावर काळवीट पितात. आम्ही मातीची पोती भरून डोहाचं खालचं तोंड बंद केलं. झरा बारीक आहे, दोन दिवस तरी पाणी काठावरून जाणार नव्हतं. त्यानंतरचं साहेबांनाही माहीत नव्हतं. मेलेले मासे मी घमेल्यात भरले, म्हणजे कोणी खाणार नाही. मरळीचं एक पिल्लू बराच वेळ तोंड उघडझाप करत होतं. त्याच्याजवळ मी उगाच बसून राहिले.

सकाळी सातलाच आम्ही दोघं पुन्हा डोहावर. आबांनी घोंगडं आणलं होतं. ऊन वर आलं. काठ उघडा, सपाट, खुरांनी मळलेला. पाणी निवळून आरशासारखं झालेलं. एवढा सुंदर डोह मी नोकरीत कधी पाहिला नव्हता.

आठला आवाज आला. आधी दोन, मग आठ-दहा, मग माळाच्या तिन्ही बाजूंनी. पखुर्ड्या डोहावर एक फेरी मारायच्या, उघडा काठ बघायच्या आणि लांब उतरून तुरुतुरु चालत पाण्याकडं यायच्या. दोन वर्षं ज्यांची वाट पाहिली त्या सगळ्या आज आल्या होत्या.

"हुर्र्या," मी ओरडले. आबा घोंगडं गरगर फिरवत काठाकाठानं धावायला लागले, सत्तर वर्षांचा माणूस. मी दगड फेकले, बाजूला, पाण्यात. थवा उठायचा, फिरून पुन्हा उतरायचा. त्यांना काय कळणार, पाणी दिसतंय आणि माणसं वेडी झालीत. मलाही माझं मीच कळत नव्हतं. रडत होते आणि हाकलत होते.

"कवापातूर हाकलायचं, माया?"

"म्हाईत न्हाई आबा."

तेवढ्यात झऱ्याच्या बाजूनं एक नर उठला. आम्ही दुसरीकडं असताना तो कधी येऊन बसला ते कळलं नाही. पोट ओलं, काळपट. पिसांतून दोन थेंब पडले. मी धावले, पण तो डोक्यावरून सरळ माळाकडं गेला.

आबांनी घोंगडं खाली केलं. कपाळावर हात धरून तो ठिपका होईपर्यंत बघत राहिले.

"गेला त्यो," ते म्हणाले. "पिल्लं कुटं असत्याल त्येची?"

मी माळाकडं पाहिलं. दहा किलोमीटर वाळकं गवत. मागं दुसरा थवा उतरत होता, आणि आबांनी घोंगडं पुन्हा उचललं.