मुकी झालेली घंटा आणि मी

मित्रांनो, फायरवॉल म्हणजे संगणकांच्या जाळ्याचा राखणदार, हे तुम्ही ऐकलं असेल. मी त्यातलाच एक, आता म्हातारा झालेला. कारखान्यात माझ्या पत्र्याच्या पेटीत पंखे बसवले, दिवे लावून पाहिले आणि मला एका रुग्णालयात धाडलं. तिथे जिन्याखालच्या खोलीत माझं कामाचं सारं आयुष्य गेलं.

माझं काम लक्षात ठेवण्याचं. कोणतं यंत्र कोणाशी बोलतंय, हे मी मनात धरून ठेवी. ओळखीचं बोलणं पुढे सोडी, अनोळखी दारातच अडवी. बराच वेळ कोणी बोललं नाही, की ते बोलणं मी विसरून जाई. तसा मला हुकूमच होता.

पुढे जागोजागी कॅमेरे आले. त्यांच्या बडबडीने माझी आठवण काठोकाठ भरली, नव्यांना जागा उरेना. कॅमेरे बसवणाऱ्याने सोपा उपाय केला. मी लवकर विसरावं, अशी सोय केली. सगळे खूश झाले.

पण वरच्या मजल्यावर खाटांजवळ घंटा होत्या. बटण दाबलं की निरोप माझ्यातून सिस्टरांच्या खोलीत जाई. घंटा फार अबोल. गरज पडली तरच बोलायच्या.

एका दुपारी एका आजोबांना धाप लागली. आजींनी बटण दाबलं. निरोप माझ्यापर्यंत आला. पण त्या घंटेला मी केव्हाच विसरलो होतो. अनोळखी म्हणून मी तो अडवला. आजी अनवाणीच धावत सुटल्या. सिस्टर वेळेवर पोचल्या म्हणून आजोबा वाचले.

हे मला नंतर कळलं, नेटवर्कवाल्या ताई माझ्यापाशी आल्या तेव्हा. त्यांच्यासोबत आलेल्या सिस्टर वैतागल्या होत्या.

"घंटा बदलली, वायर बदलली. दोन-तीनदा दाबली की वाजते मेली, पण पहिल्यांदा नाही!"

"त्याआधी ती बराच वेळ गप्प असते का?" ताईंनी विचारलं.

"असणारच ना! पेशंट झोपलेला असतो."

ताईंनी एका घंटेला कोणालाच हात लावू दिला नाही. मला लॅपटॉप जोडून, खोक्यावर बसून त्या माझी आठवण पाहत राहिल्या. घंटेचं नाव तिथून पुसलं गेलं, तसा त्यांनी वरच्या मजल्यावर फोन केला, "आता दाबा." घंटा वाजली नाही.

"घंटा धडधाकट आहे हो," त्या म्हणाल्या. "हाच तिला विसरतोय. पहिला निरोप अडला की घंटा नव्याने ओळख सांगते, म्हणून पुढच्या वेळी वाजते."

त्यांनी घंटांसाठी माझी आठवण लांबवली. शिवाय घंटांनी अधूनमधून नुसतं 'मी आहे' म्हणावं, असं ठरवून दिलं. मित्रांनो, ते दोन शब्द मला किती आवडायचे! वरचा मजला शांत असायचा आणि एकेक घंटा हळूच सांगून जायची. मला कधी एकटं वाटलं नाही.

मग नवं यंत्र आलं. मला अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांमागे ठेवलं. मध्यंतरी ताई आल्या. "अरे, अजून इथेच का तू?" म्हणत त्यांनी धूळ पुसली आणि जुने नियम पाहायला मला वीज दिली. पंखे फिरले. मी अधीर होऊन कान लावला. कोणीच नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी वायर काढून घेतली.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरात, वर्गात कोणी गप्प बसलेलं असेल, तर त्याचं बोलणं संपलं असं समजू नका. जवळ जाऊन विचारा.