पाटीवरचे ‘आम्ही’

माझ्या लाँड्रीला इंग्रजी पाटी हवी, म्हणून कॉलेजात शिकणाऱ्या भाचीला कामाला बसवलं. तासभर पेन चावून तिनं मजकूर तयार केला. मला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही. म्हटलं, मराठीत सांग.

“आम्ही कपडे धुतो, इस्त्रीची सोय आहे, आणि कपडे घरी पोहोचवले जातील.”

माझं डोकंच फिरलं. फळीवरून तीन टॉवेल ओढले. एकाची आडवी घडी घातली, एकाची उभी, तिसऱ्याचा बोळा केला आणि एकावर एक ठेवले. सगळे घसरून खाली पडले.

“ही तुझी पाटी,” मी म्हटलं. “तिन्ही वाक्यांची घडी एकसारखी घाल.”

“मावशी, व्याकरणात काही चूक नाहीये!”

“टॉवेलांनाही भोकं नाहीयेत. पडलेच ना?”

तिनं तोंड वाकडं केलं, पण पुन्हा लिहिलं आणि मराठीत सांगितलं. “आम्ही धुतो, आम्ही इस्त्री करतो, आम्ही घरपोच देतो.”

कोपऱ्यात आमचे हे खुर्चीत पाय पसरून पेपर वाचत होते. “वा! आता कसं लख्ख कळतं,” म्हणाले.

मला जरा जास्तच लख्ख कळलं. “धुते मी, इस्त्री करते मी, घरपोच देते मी,” मी म्हटलं. “मग यातले ‘आम्ही’ कोण गं?”

भाचीनं तिन्ही ‘आम्ही’ खोडून ‘मी’ लिहिलं. ह्यांनी पेपरची घडी घातली, दारातलं इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं उचललं आणि पत्ता विचारला.