तोमोएच्या हातची जाळी

बुधवारी दुपारी दोनला वृद्धाश्रमाची गाडी तोमोएला घेऊन येणार होती, आणि अकरा वाजून गेले तरी कुरामोचीचा अँप्लिफायर टेबलावर उताणाच पडला होता.

त्याचं कॉफीचं दुकान म्हणजे नऊ खुर्च्या, भिंतभर जाझच्या तबकड्या आणि चाळीस वर्षांपूर्वी नवरा-बायकोने मिळून जोडलेला हा अँप्लिफायर. त्याची बायको तोमोए लग्नाआधीपासून व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या रेडिओत पेटतात त्या काचेच्या नळ्यांच्या, कारखान्यात होती. व्हॉल्व्हच्या पोटात बसणारी केसाएवढ्या तारेची जाळी ती विणायची. कारखाना बंद झाला तेव्हा तिने स्वतःच्या हातच्या जाळीचे दोन व्हॉल्व्ह घरी आणले. आता तिला काही आठवत नाही. नवराही परका वाटतो. पण इथे आणलं, ते व्हॉल्व्ह पेटले, पियानो सुरू झाला, की कधीतरी मध्येच ती विचारायची, "अहो, साखर घातलीत का?" कुरामोची मुद्दामच साखर घालत नसे. त्या एका 'अहो'वर म्हातारा आठवडा काढायचा.

महिन्यापूर्वी उजवी बाजू बिघडली. व्हॉल्व्हच्या जाळीवर उणे वीज ठेवावी लागते, तिला बायस म्हणतात. तो लगाम. सुटला की व्हॉल्व्ह उधळतो, आतला पत्रा लालबुंद होतो आणि खेळ खलास. बाजारातून आणलेले दोन असेच गेले. तोमोएचे दोन्ही त्याने वेळीच काढून कापसात गुंडाळून ठेवले होते. तेव्हापासून दुकान मुकं, आणि तोमोए दोन तास मख्ख बसून परत जायची. आश्रमाच्या बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं: थंडी वाढतेय, तिला इथे येऊन काही फरक पडणार नसेल तर या बुधवारनंतर बंद.

"किती आला बायस?" एबिहाराने विचारलं. हा त्याचा जुना दोस्त. जन्मभर रेडिओ दुरुस्त केले, आता काउंटरशी बसून तांदळाची कुरकुरीत बिस्किटं खायची आणि टोमणे मारायचे.

"उणे पंचेचाळीस. चोख."

"रिकाम्या सॉकेटवर?"

"मग काय, तिचे व्हॉल्व्ह घालून मोजू? त्यांचं आयुष्य आता तासांत मोजायचं राहिलंय."

"तापल्याशिवाय काय कळणार, गाढवा? दारावर पाटी कुणी लावलीय? अर्धा तास तापू द्या, मग मत द्या! ती फक्त गिऱ्हाइकांसाठी का?" एबिहाराने पेन्सिलीचं टोक एका जाडजूड जुन्या कंडेन्सरवर टेकवलं. "हा बदल. थंड असताना साळसूद, तापला की गळतो. मागची वीज पुढे जाळीवर सोडतो. तुझा लगाम हाच तोडतोय. नवा आणलाय मी. दहा मिनिटांचं काम."

"तेलाचा आहे तो. नव्याने आवाज पातळ होतो. तिला लगेच कळेल."

"तिला तू कोण ते कळत नाही, कुरामोची."

बोलून एबिहाराच वरमला. नवा कंडेन्सर काउंटरवर ठेवून, टोपी घालून तो निघून गेला.

जुन्या अँप्लिफायरच्या शौकिनांचं हे एक खूळच. व्हॉल्व्ह बदलतील, तारा बदलतील, पण जुन्या तेलाच्या कंडेन्सरला हात लावणार नाहीत. आवाजाचा जीव त्यातच असतो म्हणे. कुरामोचीच्या बाबतीत खुळापेक्षा भीती जास्त होती. तोमोए त्याला ओळखायची ती त्या आवाजामुळे. आवाजच बदलला तर? त्याने जुनाच कंडेन्सर ठेवून झाकण लावलं.

दोनला ती आली. त्याने तिला नेहमीच्या खुर्चीत बसवलं, कापसातून व्हॉल्व्ह काढून बसवले आणि बटण दाबलं. नारिंगी उजेड पसरला. तबकडीवर सुई ठेवली. तोमोएने मान वर केली. थोड्या वेळाने तिचं बोट टेबलावर गोल गोल फिरू लागलं, अदृश्य तारेचे वेढे घेत. कुरामोचीने बिनसाखरेची कॉफी तिच्यासमोर ठेवली आणि अँप्लिफायरकडे पाठ करून तिच्या चेहऱ्याकडे बघत बसला. वीस मिनिटं झाली.

"बंद करा," तोमोए म्हणाली.

आवाज खणखणीत होता. तिचा असा सूर त्याने दोन वर्षांत ऐकला नव्हता.

"पत्रा लाल होतोय. जाळीवर वीज चढलीय, कंडेन्सर गळतोय. बंद करा आधी."

आणि कुरामोची नुसता ऐकत राहिला. कारखान्यात जाळी विणणाऱ्या बायकांच्या साऱ्या ओळीला हुकूम सोडणारी त्याची तोमोए बोलत होती. आनंदाने त्याचा हातच उठेना. मग मागे काच तडकली. त्याने वळून बटण बंद केलं तेव्हा उजव्या व्हॉल्व्हच्या काचेआड पांढरी राख पसरली होती.

तोमोए उठून जवळ आली. वाकून व्हॉल्व्हच्या बुडावरचा शिक्का वाचला.

"हा माझ्या हातचा," ती म्हणाली. "कुणी जोडलंय हे? एवढं साधं कळू नये?"

"तोमोए, अगं मीच..."

तिने त्याच्याकडे पाहिलं. राग ओसरला, नजर मवाळ झाली. एखाद्या भल्या परक्या माणसाकडे बघावं तशी.

"तुम्ही नका वाईट वाटून घेऊ, आजोबा. माझ्या नवऱ्याला बोलवा ना. त्यांना यातलं सगळं कळतं."



"बोलावतो," तो म्हणाला आणि काउंटरमागे जाऊन उभा राहिला. एबिहाराचा नवा कंडेन्सर तिथेच पडला होता.

तोमोए पुन्हा खुर्चीत बसली. कॉफीचा एक घोट घेऊन तिने तोंड वाकडं केलं. मग विचारायला कुणी दिसतंय का म्हणून दुकानभर नजर फिरवली, आणि कप तसाच खाली ठेवला.